सरूआत्याची ओळ

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी खिचडी असायची. तिच्यासोबत चिंचेचा खट्टा, भाजलेला पापड आणि कोणी पाहुणा असेल तर उकडलेलं अंडं. हा बेत चवीवरून ठरलेला नव्हता. खिचडी चुलीवर चढवून झाकण ठेवलं की तिच्याकडे फारसं बघावं लागत नाही, आणि शनिवारी संध्याकाळी आईला चुलीकडे बघायला सवड नसायची. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायची आणि बाबा समोरच्या बाजेवर डोळे मिटून ऐकायचे. दुसऱ्या दिवशी करमाड गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेत पवित्र शास्त्राचा जो भाग वाचायचा असे, तो आई आधी सलग वाचून दाखवी. मग एकेक वाक्य तोडून वाचे. त्यानंतर बाबा तो भाग म्हणत आणि आई ओळींवरून बोट फिरवत तपासत असे. चुकलं की ती मान वर न करता घशातून एक बारीक आवाज काढी. बाबा मागे जाऊन पुन्हा म्हणत. सगळा भाग त्या आवाजाशिवाय पार पडला की आई त्या पानात लाल लोकरीचा धागा ठेवी, वाचनाची पहिली ओळ कळावी म्हणून कडेला पेन्सिलीनं बारीक टिंब देई आणि ताटं घ्यायला उठे.

आम्ही औरंगाबादेत शहागंजाच्या मागे, एका कापड दुकानाच्या माडीवर राहत होतो. खालून ठाणातलं कापड फाडल्याचा आवाज येई, रस्त्यावरून टांग्यांच्या घंटा येत, आणि मग जवळच्या मशिदीतली अजान. अजान सुरू झाली की आई थांबे. बाबा तेवढ्यात पाणी पिऊन घेत. अजान संपली की ज्या शब्दावर थांबली त्याच शब्दापासून ती पुढे निघे. दुकान बंद करताना खालचे चाचा जिन्यातून हाक देत, "मास्टरसाब, सबक हो गया क्या?" बाबा वरून म्हणत, "आधा बाकी है, चाचा." ते त्याला सबकच म्हणत. मला त्यात वेगळं काही दिसत नव्हतं. घरात जे दर आठवड्याला घडतं, त्याचं कारण मुलं विचारत नाहीत. आई वाचते, बाबा ऐकतात, एवढंच मला माहीत होतं. बाबा स्वतः का वाचत नाहीत, हा प्रश्न मला एका रविवारी दुपारी करमाडला पडला, आणि तो पडला तेव्हा उत्तर समोरच उभं होतं.

बाबांचं नाव शमुवेल. ते मूळ बिदरकडचे. घरात मराठी आणि दखनी बोलली जाई, शाळा मात्र निजामाच्या अमलातली, म्हणजे उर्दूतली. उर्दू आणि फारसी त्यांना उत्तम येत असे, इंग्रजी कामापुरती. ते ख्रिस्ती विश्वासात आले तेही एका म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांनी दिलेलं उर्दू शास्त्र वाचून. देवनागरी अक्षरं ते सुटी सुटी ओळखत, पण ती जुळत नसत. औरंगाबादेत ते उर्दू शाळेत गणित शिकवू लागले. करमाडच्या छोट्या मंडळीला उपासना घेणारं कोणी नव्हतं, तेव्हा शहरातल्या पाळकसाहेबांनी त्यांना विचारलं, मराठीत उपासना चालवता येईल का. बाबा हो म्हणाले, आणि ते खरं होतं. त्यांचं मराठी बोलणं ऐकून माणसं बांधलेल्या गाईचं दावं सुटलं तरी उठत नसत. वाचता येतं का, असं पाळकसाहेबांनी विचारलं नाही. मास्तर माणसाला असा प्रश्न कोण विचारणार? बाबांनीही आपण होऊन सांगितलं नाही.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल गेला आणि बाबांच्या शाळेत उर्दूच्या जागी हळूहळू मराठी आली. नगर-पुण्याकडचे नवे मास्तर आले. बाबांकडे गणित राहिलं, कारण अंक त्यांना दोन्ही लिप्यांत येत. कचेरीतून येणारी मराठी पत्रकं ते घडी घालून खिशात ठेवत आणि आई घरी वाचून दाखवी. "अहो, एक महिना मुलांसारखे बसा माझ्यापुढे, येईल," असं ती अधूनमधून म्हणे. बाबा हसून विषय बदलत. त्या दिवसांत उर्दू शिकलेल्या माणसाकडे नवे लोक जरा निरखून बघत, आणि आपल्याला मराठी वाचता येत नाही हे उघड करायला ती वेळ चांगली नव्हती, हे एक कारण. दुसरं कारण मला आता या वयात सुचतं. ते खरं असल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. बाबांना शनिवार आवडत असावा. दिवसभर मुलींच्या शाळेत शिकवून थकलेली आई आठवड्यातून एकदा फक्त त्यांच्यासाठी वाचायला बसे, आणि ते डोळे मिटून ऐकत. वाचायला शिकले असते, तर ते संपलं असतं.

रविवारी सकाळी आम्ही जालन्याकडे जाणाऱ्या गाडीनं करमाडला उतरत असू. स्टेशनापासून वस्तीपर्यंत चालताना बाबा ओठांतल्या ओठांत पाठ म्हणत आणि आई मला त्यांच्याशी बोलू देत नसे. प्रार्थनेची खोली मातीच्या भिंतींची, वर पत्रा. आठवडाभर तिच्या सावलीला शेळ्या असत. रविवारी पहाटे बायका ती झाडून, सारवून घेत. किल्ली योहानदादाकडे असे. ते मंडळीतले सर्वांत वडीलधारे, स्टेशनावर हमाली करून पाठीत वाकलेले, आणि कोणत्याही भांडणात दोन्ही बाजूंना घरी जायला वाट ठेवणारे. ढोलकी आणि टाळांवर गाणी होत, मग बाबा झोळीतून पुस्तक काढत, धाग्यावर उघडत आणि वाचत. मी वाचत म्हणते, कारण ते तसंच दिसे. नजर पानावर, स्वर संथ, मध्ये पान उलटण्याची जागाही बरोबर. आईनं तीही पाठ करून घेतलेली असे.

वाचन झालं की करमाडची एक रीत होती. ती मी दुसऱ्या कुठल्या मंडळीत पाहिली नाही. बाबा उघडं पुस्तक घेऊन खाली बसत. एकेक जण पुढे येई आणि बाबा दाखवतील त्या ओळीवर उजव्या हाताचं बोट ठेवून परत जागेवर जाई. आधी बायका, मग पुरुष, मग मुलं. ही रीत सरूआत्यानं सुरू केली होती. ती विधवा, रोजानं खुरपणीला जाणारी, आवाज मोठा, आणि बाबांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळ्यांची आत्या. पहिल्या वर्षी ती उपासना संपल्यावर बाबांपुढे येऊन म्हणाली होती, "वाचता नाय येत मास्तर, पण शिवता तर येतं." गावात जिथं वस्तीतल्या माणसांनी हात लावायचा नाही अशा जागा पुष्कळ होत्या. विहीर होती, देवळाची पायरी होती, हॉटेलातल्या कपबश्या होत्या. बाबांनी पुस्तक पुढे केलं. शहरातल्या पाळकसाहेबांना ही रीत कळली असती तर त्यांनी काय म्हटलं असतं, ते सांगता येत नाही. त्यांना ती कळवली गेली नाही.

सरूआत्याचा एकुलता एक मुलगा पेत्रस तापानं गेला तेव्हा आठवड्यातला मधला दिवस होता. करमाडहून माणूस सायकल मारत शाळेत आला. बाबा वर्गातून उठले, घरी येऊन पुस्तक घेतलं आणि त्याच सायकलीवर मागे बसून निघाले. आई तिच्या शाळेत होती. पानात धागा नव्हता आणि कडेला टिंब नव्हतं. माळावर, कबरीच्या खड्ड्यापुढे उभं राहून बाबांनी पुस्तक उघडलं आणि मेंढपाळाचं स्तोत्र म्हटलं. ते त्यांना सर्वांत चांगलं पाठ होतं. मग सरूआत्या पुढे आली. मुलाच्या केसांना तिनं नुकतंच तेल लावलं होतं आणि बोट तेलकट होतं. बाबांनी तिचा हात धरून बोट एका ओळीवर ठेवलं, 'मृत्युच्छायेच्या दरीतूनही' म्हणतात ती ही, असं सांगून. त्याआधी, घरून माळावर नेताना, खांदेकरी कमी पडत होते, म्हणून बाबांनी खांदाही दिला. हे सगळं मला नंतर कळलं. मला एवढंच आठवतं की त्या दिवशी बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या कोटाला माती होती आणि आईनं तो कोट न विचारता धुवायला घेतला.

पानावर तेलाचा डाग राहिला. दर रविवारी सगळ्यांची बोटं टेकून झाली की सरूआत्या मागे थांबे, पानं चाळून आपला डाग शोधी आणि त्यावर बोट ठेवून थोडा वेळ बसे. कोणी तिला घाई करत नसे. त्या ओळीत काय आहे हे तिला माहीत होतं, मास्तरांनी वाचलेलं तिनं ऐकलं होतं. काही वर्षं असंच चाललं.

दरम्यान आईनं करमाडला रविवारच्या दुपारी वर्ग सुरू केला होता. उपासनेनंतर योहानदादांच्या अंगणात जेवण होई. ज्वारीची भाकरी, येसराचा मसाला घालून केलेली आमटी, कांदा, कधी अंबाडीची भाजी. मग बाबा लिंबाखाली आडवे होत आणि आई पोरांना गोणपाटावर बसवून अक्षरं शिकवी. बाबांनी त्यासाठी दारोदार फिरून पोरं मागून आणली होती. त्यात दिना पहिला वाचू लागला. तो सरूआत्याच्या भावाचा नातू, माझ्याच वयाचा, तोंडाळ आणि हुशार. करमाड स्टेशनची पाटी, काडेपेटी, सुईदोऱ्याचं पाकीट, हाती येईल ते तो मोठ्यानं वाचत सुटला होता. वस्तीत त्याचा सगळ्यांना अभिमान होता आणि थोडा कंटाळाही आला होता.

त्या रविवारी जेवणं उरकत होती. पुस्तक बाजेवर झोळीत होतं. सरूआत्या म्हणाली, "दिना, हात धुतले का रं? मग पुस्तक घे. मपलं पान काढ."

"कोणतं वो आत्या?"

"तेलाचा डाग हाय बग. पेत्रसच्या येळचा. काडेपेट्या वाचीत फिरतो नव्हं? आता हे वाच. मास्तरांच्या तोंडून आयकलं, एकदा घरच्या लेकराच्या तोंडून आयकू दे."

दिनानं पान काढलं. घसा साफ केला आणि वाचू लागला. देवासाठी जो तंबू उभारायचा त्याच्या पडद्यांची मापं तिथं होती. कापड कसलं, लांबी किती हात, रुंदी किती हात, कड्या कशाच्या. दोन वाक्यं वाचून तो थांबला.

"म्होरं?" सरूआत्या म्हणाली.

"म्होरं बी पडदेच हायेत, आत्या."

कोणीतरी हसलं. सरूआत्यानं दिनाच्या टाळक्यात एक ठेवून दिली. "मेल्या माणसाची थट्टा करतो व्हय रं?"

"थट्टा कशाला करू? जे लिवलंय तेच वाचलं!" दिना रडकुंडीला आला होता. त्यानं पुस्तक माझ्यापुढे धरलं. "ताई, तू वाच. तू तर शहरात शिकती."

मी वाचलं. पडदेच होते. वाचत असतानाच माझ्या डोक्यात शनिवारची संध्याकाळ, बाज, उंबरा, आईचा तो घशातला आवाज हे सगळं एका ओळीत आलं, आणि मी मान वर करून बाबांकडे पाहिलं. ते हात धुवायला उठले होते. हातात तांब्या होता आणि पाणी ओतायचं राहिलं होतं. आई पदराला हात पुसत स्वयंपाकाच्या दारात आली होती. योहानदादांनी दोघांकडे पाहिलं आणि नेहमीप्रमाणे वाट करून दिली. "वाऱ्यानं पान पलटलं असंल त्या दिशी. माळावर वारा लई व्हता."

दोन-चार माना हलल्या. बाबांनी नुसतं व्हय म्हटलं असतं तर ती गोष्ट तिथंच मिटली असती. दिनाला मी नंतर समजावलं असतं, आणि आईनं त्याच आठवड्यात योग्य पानावर एक टिंब दिलं असतं. बाबांनी तांब्या खाली ठेवला.

"नाही, योहानदादा," ते म्हणाले. "वारा नव्हता."

मग ते बोलले ते असं. मला मराठी वाचता येत नाही. रविवारी वाचतो ते शनिवारी हिच्याकडून ऐकून पाठ केलेलं असतं. धागा हिचा, टिंब हिचं. त्या दिवशी ही घरी नव्हती. जे म्हटलं ते शास्त्रातलंच होतं, शब्दन् शब्द, पण ही ओळ ती नव्हे. आत्याचं बोट मी अंदाजानं ठेवलं.

सरूआत्या पुस्तकाकडे बघत होती. "म्हंजी मी इतकी वर्सं पडद्याच्या कापडाला बोट लावून बसले?"

"हो, आत्या."

"अन् तुमाला ठावं व्हतं?"

"ओळ कोणती ते ठाऊक नव्हतं. ती नाही, एवढं ठाऊक होतं."

ती उठली. तिचा आवाज मोठा होता, पण त्या वेळी तिनं तो वापरला नाही. ताट तसंच ठेवून ती घराकडे निघून गेली. योहानदादा तिचं ताट बाजूला सरकवत म्हणाले, "पोरं धाडा, पोरं धाडा म्हून आमच्या दारात फिरलात, मास्तर. तवा सांगायचं व्हतं. मला बी येत नाय, असं. आमी काय हसलो असतो?"

"मी हसलो असतो," दिना म्हणाला. त्याला दुसऱ्या बाजूनंही एक टपली बसली.

परतीच्या गाडीत चिकलठाणा मागे पडल्यावर आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"वाऱ्यावर नाही ढकललंत ते."

पाळकसाहेबांना सांगून करमाडला दुसरा माणूस देण्याची विनंती करायची, असं बाबांनी ठरवलं होतं. आई म्हणाली, "सांगा. पण आधी त्यांना तोंड दाखवा, मग साहेबांना." शनिवारी संध्याकाळी तिनं खिचडी केली नाही. हात मोकळे होते, म्हणून भाकरी केल्या. वाचण्याच्या आवाजाच्या जागी भाकरी थापल्याचा आवाज होता. बाबा बाजेवर बसून होते, पण डोळे उघडे. खालून चाचांची हाक आली, "मास्टरसाब, आज सबक नहीं?" बाबा म्हणाले, "आज छुट्टी है, चाचा." चाचा जिन्यात थोडे थांबले असावेत, कारण कुलपाचा आवाज जरा उशिरानं आला.

करमाडला मधल्या बुधवारी मंडळीची बैठक झाली होती. तिचा तपशील मला दिनानं पुढे सांगितला. योहानदादांच्या मुलीनं सांगितलेला थोडा वेगळा आहे. दोन्हीत जे सारखं आहे तेवढंच इथं देते. काही जण म्हणाले, साहेबांकडून नीट वाचणारा मास्तर मागू. आपण अडाणी आहोत म्हणून आपल्याला कसलाही चालतो असं नाही. हे बोलणं चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. काही जण म्हणाले, माणूस चांगला आहे, सोडून द्या. सरूआत्या दोन्ही बाजूंवर चिडली. चांगला आहे म्हणून सोडायचं कशाला, असं तिनं विचारलं. आणि वाचणारा मागणाऱ्यांना म्हणाली, "येईल की वाचणारा. पण पेत्रसला खांदा कमी पडला तवा हाच व्हता. आता ह्यालाच वाचाया लावते."

रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा खोली भरलेली होती. बाबांनी चपला काढल्या आणि ते नेहमीच्या जागी न जाता दारातच उभे राहिले. त्यांनी बोलायला सुरुवात करण्याआधी सरूआत्या उठली.

"मास्तर, मपली ओळ काढून द्या."

आई पुढे झाली तशी सरूआत्यानं हात आडवा केला. "बाईंनी नाय. पोरीनं नाय. ह्यांनी. सोता वाचून. तवर ह्या पुस्तकाला कुणाचं बी बोट लागायचं नाय."

"मला दुसरा माणूस द्यायला सांगायचं होतं," बाबा म्हणाले.

"त्ये मागून बगू. आदी मपलं उधारीचं काम उरका."

बाबांनी योहानदादांकडे पाहिलं. योहानदादांनी या खेपेला कोणालाच वाट करून दिली नाही. ते ढोलकीचे दोर ताणत बसले.

त्या दुपारी बाबा आईच्या वर्गात बसले. गोणपाटाच्या टोकाला, दिनाच्या शेजारी, पाटी घेऊन. अंगणाच्या कडेनं बायका उभ्या होत्या आणि त्यांना त्या दिवशी दुसरं काही काम सुचत नव्हतं. सवयीनं बाबांनी पाटीच्या उजव्या कडेपासून लिहायला सुरुवात केली. पोरं फिदीफिदी हसली. "मास्तर, उलटं निगालात!" दिनानं त्यांचा हात धरून डाव्या कडेला आणून ठेवला. आईपुढे वेगळीच अडचण होती. वर्गात ती प्रत्येकाला नावानं उठवी, आणि नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती. शेवटी ती भिंतीकडे बघत म्हणाली, "कडेला बसलेत त्यांनी वाचावं." बायकांमध्ये हसू फुटलं. बाबा उभे राहून वाचू लागले, "क... म... ळ." "कमळ!" मागून एक म्हातारी ओरडली. तिला वाचता येत नव्हतं, पण पाटीवरचं कमळाचं चित्र दिसत होतं.

पुढचे रविवार असेच गेले. उपासनेत पुस्तक बंद ठेवून बाबा पाठ असेल ते म्हणत आणि आधीच सांगत, "हे पाठ आहे." लोक ऐकत. मग ज्या वेळी एकेक जण उठून पुढे यायचा, तिथं काहीच होत नसे. सगळे मांडीवर हात ठेवून बसून राहत. ती रिकामी जागा भरण्यासाठी कोणी गाणंही सुरू करत नसे. बाबांना ती जागा किती लांब वाटत असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. घरी ते दुकानांच्या पाट्या वाचत चालू लागले. शहागंजातून भाजी घेऊन यायला त्यांना दुप्पट वेळ लागे. सरूआत्या दर रविवारी निघताना विचारी, "झाली का वो ओळ?" बाबा म्हणत, "नाही झाली, आत्या." ती म्हणे, "बरं. मी कुटं चाललेय?"

मधेच दिना माझ्याकडे आला. "ताई, एक सांगू? मास्तरांना ते स्तोत्र तर पाठच हाय. म्हणून टाकलं अन् नजर पानावर ठिवली तर कुणाला कळणार?" मी हे घरी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "दिना हुशार आहे." आणि त्यांनी पाटी पुढे ओढली.

ज्या रविवारी त्यांनी पुस्तक उघडलं तो कोणता, हे मला सांगता येत नाही. गव्हाची कापणी होऊन गेली होती आणि पत्रा तापू लागला होता, एवढं आठवतं. गाणी झाली. बाबांनी झोळीतून पुस्तक काढलं. त्यात धागा नव्हता. आकडे बघत त्यांनी स्वतः पान काढलं, मग पुस्तक घेऊन उभे न राहता ते सरूआत्यासमोर खाली बसले आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

ते स्तोत्र मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं त्याची मोजदाद नाही. ते ज्या लयीत म्हणत ती लय खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती. त्या दिवशी ती लय नव्हती. एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा. काना वाचून मागे जाणं, वेलांटीपाशी अडणं. आवाजही त्यांचा वाटत नव्हता. गोणपाटावरच्या पोराचा होता. पाठ असलेलं आतून पुढे धावत होतं आणि ते त्याला धरून ठेवत होते, हे मला जवळून दिसत होतं. कपाळावर घाम होता. एक मूल रडायला लागलं तर त्याच्या आईनं ते पदराखाली घेतलं आणि बाहेर गेली नाही.

मग सरूआत्याच्या ओळीचा पहिलाच, जोडाक्षरांचा शब्द आला आणि ते थांबले. बोट पुढे जाईना. तो शब्द खोलीतल्या सगळ्यांना माहीत होता. बायकांना, योहानदादांना, दारातल्या पोरांना. बाबांना तर होताच. दिनाचे ओठ हलले, तसा सरूआत्यानं त्याच्याकडे न बघता हाताचा पंजा वर केला आणि तो गप्प बसला. आई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या घशातून आवाज आला नाही. बाहेर मालगाडी आली आणि निघून गेली. बाबा अक्षरांवरून एकेक करून गेले, परत पहिल्यापासून गेले, आणि मग ती अक्षरं जुळली. त्यांनी तो शब्द वाचला.

"हीच का?" सरूआत्यानं विचारलं.

"हीच. इथून सुरू होते."

तिनं पदराला हात पुसला आणि बोट ओळीवर ठेवलं. बाबा पुढे वाचायला वाकले. ती बोट उचलेना.

"आत्या, बोट काढा. पुढचा शब्द झाकला गेलाय."

"तुमाला ठावं नाय व्हय पुढचा?"

"ठाऊक आहे. दिसत नाही."

"मंग थांबा की जरा," सरूआत्या म्हणाली. "मी आत्ताच आलेय."

बाबा थांबले.